आमच्या बोलीतलं भूत

आत्याने मला पहिला राक्षस दाखवला तेव्हा मी तिसरीत होते. कुंभकोणमच्या बस स्टँडजवळच्या थिएटरात एक परदेशी चित्रपट लागला होता, तमिळमध्ये डब केलेला. समुद्रातून अवाढव्य सरडा वर येतो आणि शहर तुडवत जातो, एवढीच गोष्ट. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सकाळची पाळी असली की तिची दुपार मोकळी असायची. तिने लग्न केलं नव्हतं, आमच्याच घरी राहायची, आणि आपल्या दुपारी कशा घालवायच्या याबद्दल ती कुणाचंही ऐकून घेत नसे.

माझे वडील म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ते शाळेत गणित शिकवायचे. "पोरीला राक्षस दाखवायला नेतेस?" त्यांनी विचारलं.

"पुराणांतले तूं दाखवलेस," आत्या म्हणाली. "हे नवे आहेत. ते मी दाखवितें."

थिएटरात सरड्याने बस उचलली तेव्हा मी आत्याच्या पदरात तोंड लपवलं. पुढच्या रांगांतून शिट्ट्या येत होत्या. आत्या माझ्या कानाशी वाकली. "त्याच्या पाठीकडे बघ. शिवण दिसते."

मी एका डोळ्याने पाहिलं. खरंच, मानेपासून शेपटीपर्यंत शिवण होती. आत माणूस होता आणि त्याला चालताना त्रास होत होता. पण गंमत अशी की त्यामुळे भीती कमी झाली नाही. शिवण दिसत होती आणि छातीही धडधडत होती. घरी येताना मी आत्याला विचारलं, "उद्या परत जाऊं या का?" ती म्हणाली, "उद्या पाळी दुपारची आहे. परवां." परवा आम्ही परत गेलो. तेव्हापासून आजपर्यंत मी भुतांचे, राक्षसांचे, परग्रहावरच्या माणसांचे आणि खुनांचे चित्रपट पाहत आले आहे. या विषयातलं मला कळतं. उगाच नम्रपणा दाखवण्यात अर्थ नाही.

आमच्या घरी जी मराठी बोलतात तिच्याबद्दल इथेच सांगून टाकते, कारण पुढे तिच्यामुळेच सगळं घडलं. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावरकडे आले आणि इथलेच झाले. घराबाहेर आम्ही तमिळ बोलतो, उंबऱ्याच्या आत मराठी. ती मराठी जुनी आहे. तिच्यात तमिळ शब्द भरपूर शिरले आहेत, आणि उच्चारही आता कावेरीकाठचे झाले आहेत. लहानपणी ही बोली फक्त बोलायची असते असंच मला वाटायचं. ती कुणी लिहिताना मी पाहिलं नव्हतं. देवनागरी मी शिकले ती हिंदीच्या परीक्षांसाठी. हे जे लिहिते आहे ती मराठी मी फार पुढे, मोठेपणी कमावली. कशी, तेही सांगते.

घरी टीव्ही आला, मग केबल आली. आठवड्यातून एकदा भुताची तमिळ मालिका लागायची. शेजारच्या बायका आमच्या घरी येऊन बसायच्या, भीती वाटली की एकमेकींचा हात धरायच्या आणि जाहिरात लागली की भाजीच्या गोष्टी करायच्या. आत्या मात्र जाहिरातीतही गोष्टीतच असायची. तिचा एक कायदा होता. गोष्टीने एकदा नियम सांगितला की तो शेवटपर्यंत पाळायचा. भूत आरशात दिसत नाही असं सांगितलं असेल तर शेवटच्या भागातही ते दिसता कामा नये. एकदा एका मालिकेत भुताला उंबरठा ओलांडता येत नव्हता आणि सोयीचं झालं तसा त्याने तो ओलांडला. आत्या उठून स्वयंपाकघरात निघून गेली. "हें खोटें आहे," ती म्हणाली. बायका हसल्या. त्यांना वाटलं, भूतच खोटं असं ती म्हणते आहे. मला मात्र बरोबर कळलं.

पुढे मी डोळे तपासण्याचं शिक्षण घ्यायला त्रिचीला गेले. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये भाड्याच्या कॅसेट यायच्या. मी कॅसेट निवडणार, असं पहिल्याच महिन्यात ठरून गेलं, कारण मी निवडलेला चित्रपट कधी फुकट जात नसे. रविवारी आत्याला फोन करून गोष्ट सांगायची. ती मधेच थांबवून विचारायची, "पण त्या बाईने तळघराचं दार उघडलंच काय म्हणून?" उत्तर माझ्याकडे नसलं तर तो चित्रपट आमच्या हिशेबी पडलेला.

लग्नाचं ठरलं तेव्हा मुलगा तंजावरहून आमच्या घरी आला. आमच्यातलाच, बँकेत नोकरीला. थोडा वेळ आम्हाला ओट्यावर बसायला सोडलं होतं. मी विचारलं, "भुतांचे सिनेमे बघतां?"

"नाहीं बघवत," तो म्हणाला. "रक्त दिसलं की मला घेरी येते."

"मी पुष्कळ बघते."

त्याने विचार केला. "तुम्ही बघा. मी शेजारच्या खोलींत बसेन. मधेमधे कॉफी लागली तर सांगा."

मी होकार दिला. तो आजवर शब्दाला जागला आहे. शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसतो आणि किंकाळी ऐकू आली की तिथूनच विचारतो, "गेला का?" मी सांगते, "गेला." मग कॉफी येते.

कुंभकोणमला परत येऊन मी मोठ्या बाजारात चष्म्यांचं दुकान टाकलं. आत्या निवृत्त झाली आणि आमच्या घरी राहायला आली. वडील तीन गल्ल्या पलीकडे राहतात, आई गेल्यापासून संध्याकाळी रोज चालत येतात. आणि मग हातातल्या फोनवर जगभरच्या मालिका आल्या. बर्फातले खुनी, कोरियातली प्रेतं, अवकाशात हरवलेली जहाजं. मी सगळं पाहिलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की एक भाग, घरी आत्याबरोबर दुसरा. आत्याचे डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उत्तम झाले होते. मी स्वतः तपासले होते.

मराठी मालिका मी पहिल्यांदा पाहिली तीही खुनाचीच. नाशिककडचा तपास अधिकारी होता. पहिल्या भागात मला निम्मं कळलं. तो इतका भरभर बोलायचा की मी खालची इंग्रजी अक्षरं वाचत होते, आणि आपल्याच भाषेचं भाषांतर वाचावं लागतं याचा मला राग आला. मी तो भाग पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्या मालिकेपर्यंत अक्षरांची गरज संपली. पुढे पुस्तकं मागवली. तिकडची मराठी मी अशी शिकले, पोलीस, वकील आणि खुनी यांच्याकडून. त्यामुळे पंचनामा, जबानी, जामीन हे शब्द मला आधी आले आणि भाज्यांची नावं नंतर.

इंटरनेटवर मराठी भयपटांच्या चाहत्यांचा एक गट होता. मी त्यात शिरले आणि लिहू लागले. सुरुवातीला घरची बोली मधूनमधून डोकवायची. एकाने लिहिलं, "या बाई पेशवाईतून टाइप करतात का?" त्यावर बरेच जण हसले.

मी उत्तर दिलं, "पेशवाईच्या आधीच आम्ही तिकडून निघालों. तुमचं पुढे काय झालं तें आतां वाचते आहे." त्यानंतर गटात मला सगळे ओळखू लागले.

मग ती मालिका आली. एका जुन्या घरात धान्याचं पेव आहे, जमिनीखालचं. दुष्काळात त्या घरच्या सुनेला धान्य काढायला आत उतरवलं आणि वरून झाकण लावलं. का लावलं ते हळूहळू कळतं. तीनशे वर्षांनी ते झाकण उघडतं आणि ती बाहेर येते. मालिका चांगली होती. अंधार खरा होता, नटी उत्तम होती, आणि पेवात उतरतानाचा प्रसंग पाहताना मी खुर्चीच्या कडेला बसले होते. मग भूत बोललं. "मी तुला जिवंत सोडणार नाही! तुझा सर्वनाश करीन!"

रविवारची दुपार होती. आत्याने हातातला शेंगांचा वाडगा खाली ठेवला. "हिला मरून तीनशें वर्षं झालीं म्हणतात ना? मग ही टीव्हीवरच्या बातम्यांसारखी काय म्हणून बोलते?"

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. तिचं बरोबर होतं. गोष्टीने नियम सांगितला होता आणि मोडला होता. त्याच दिवशी मी गटात लिहिलं: तीनशे वर्षांपूर्वी गाडली गेलेली बाई आजचं बोलणार नाही. ती माझ्या आत्यासारखं बोलेल. मी आत्याची काही वाक्यं लिहिली, आणि ती ऐकताना अंगावर काटा का येईल तेही लिहिलं.

आठवड्याभरात मला एका बाईचा निरोप आला. ती त्या मालिकेची लेखिका होती, पुण्याची, माझ्याहून वयाने लहान. दुसऱ्या पर्वाचं लेखन चालू होतं, त्यात भूत पुन्हा पेवात परतणार होतं. तिने लिहिलं होतं, "तुमची टीका मला झोंबली, पण पटली. तुमच्या आत्यांशी बोलता येईल का?"

व्हिडिओ कॉल लावला. आत्या फोनसमोर बसली, पदर नीट केला आणि लेखिकेला म्हणाली, "जेवलीस की नाहीं? तोंड उतरलेलं दिसतें. कोठें बसलीस, अंधारांत काय म्हणून?"

लेखिका म्हणाली, "आजी, परत एकदा बोलाल?"

"आजी नव्हे," आत्या म्हणाली. "आत्या."

मी लेखिकेला आधीच स्पष्ट सांगितलं की आमची बोली म्हणजे बाटलीत बंद करून ठेवलेली जुनी मराठी नाही. आम्हीही तीनशे वर्षं जगलो आहोत, तमिळमध्ये बाजारहाट केला आहे. तिच्यात नवं काय आणि जुनं काय हे निवडावं लागेल. लेखिका म्हणाली, "ते आपण बसून निवडू." पुढचे कितीतरी रविवार आम्ही तिघी बसलो. लेखिका प्रसंग वाचायची. आत्या ऐकायची, मग डोळे मिटून घ्यायची. मी तमिळ शब्द वेचून बाजूला काढायची आणि कुठला ठेवला तर चालेल ते सांगायची.

झाकण लागतं त्या, पेवातल्या प्रसंगाला आम्ही फार वेळ अडलो. लेखिकेने शापाची चार-पाच वाक्यं लिहून आणली होती, जुन्या भाषेत, मेहनत घेऊन. आत्याने मान हलवली. "ती खालीं आहे. वर घरचीं माणसं आहेत, तिचींच. ती शाप काय म्हणून देईल? तिला वाटेल, चुकून लावलं झांकण."

"मग ती काय म्हणेल?"

आत्याने डोळे मिटले. आवाज जराही न चढवता म्हणाली, "झांकण लावूं नका. मी येथेंच आहें."

माझ्या दंडावर काटा आला. फोनमध्ये लेखिकेने चष्मा काढून बाजूला ठेवला. शेजारच्या खोलीतून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "कोण अडकलं?"

दिग्दर्शकाला हे वाक्य पटलं, पण ते ओरडून म्हणायला हवं असं त्याचं म्हणणं होतं. त्याने कॉलवर येऊन सांगितलं, "लोक फोनवर बघतात, बाजूला मिक्सर चालू असतो. हळू बोललेलं ऐकू जाणार नाही." आत्या म्हणाली की तिने आयुष्यभर तारेवरून हळू बोललेलं ऐकलं आहे. दिग्दर्शक शांतपणे म्हणाला, "दोन्ही करून बघू." त्याने तालमीत दोन्ही केलं आणि हळू आवाजातलं ठेवलं. दुसरीकडे, आत्याला भुताने आपली सगळी कहाणी सांगावी असं वाटत होतं, माहेर, सासर, दुष्काळ, सगळं. दिग्दर्शकाने त्यातली तीन वाक्यं ठेवली. आत्या दोन दिवस त्याच्यावर नाराज होती. मी तिला कापलेला प्रसंग आणि पूर्ण प्रसंग दोन्ही वाचून दाखवले. "तो बरोबर आहे," ती म्हणाली. "पण हें त्याला सांगूं नको."

अडचण नटीची आली. तिने जीव तोडून प्रयत्न केला, पण आत्याचा हेल तिला येईना. शेवटी लेखिकेने विचारलं, भुताचा आवाज आत्याच देतील का? आत्याने एक दिवस मागितला आणि दुसऱ्या सकाळी हो म्हणाली.

त्या संध्याकाळी वडील आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चपला काढल्या, बसले, आणि पाणीही न घेता म्हणाले, "हें करूं नका."

"काय म्हणून?" आत्याने विचारलं.

"अक्का, ऐक. महाराष्ट्रांतल्या माणसांना आपण आहोंत हेंच ठाऊक नाहीं. ठाऊक असलं तर वाटतें, हे लोक मागेंच संपले. आतां पहिल्यांदा ते आपली बोली ऐकणार, ती कोणाच्या तोंडून? मेलेल्या बाईच्या." ते माझ्याकडे वळले. "तूं त्यांना सांगते आहेस कीं असं बोलणारे लोक मेले."

वडील चित्रपट पाहत नाहीत, पण विचार नीट करतात. रोज सकाळी दुकान उघडून मी याच भाषेत नवऱ्याला फोन करते, किल्ली विसरले म्हणून, भाजी आण म्हणून. आणि मालिकेत ती भाषा फक्त पेवात असणार होती.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं. चष्म्यांच्या काचा पुसत मी सगळं पर्व डोक्यात पुन्हा लावून पाहिलं, जसं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी लावून पाहत आले होते. आणि मला त्यात एक मोकळी जागा दिसली. भूत बोलतं, घरातले घाबरून पळतात. पण ते तिचं बोलणं समजून घेतच नाहीत. त्यांना शब्द अर्धवट कळतात. मग समजणारं कुणीतरी यायला हवं.

मी लेखिकेला फोन केला. "आत्या आवाज देईल," मी म्हणाले. "पण एक अट आहे. आमची बोली बोलणारं जिवंत माणूस गोष्टीत हवं."

"कुठून आणू? चित्रीकरण महिन्यावर आलंय."

"त्या घरी लग्न आहे ना? लग्नाला रेशमी साड्या लागतात. इथून जवळ तिरुभुवनमला त्या विणतात. तिथून एक बाई साड्या घेऊन येईल, आमच्यातली, धंद्यात मुरलेली. तिला रात्री पेवातून आवाज येईल. सगळ्यांना ते भुताचं बरळणं वाटतंय. तिला कळेल, कारण तिच्या घरी असंच बोलतात. आणि ती उत्तर देईल."

लेखिका म्हणाली, "ती घाबरणार नाही?"

"घाबरेल. पण ती आधी विचारेल, तूं कोण आहेस म्हणून. इतक्या वर्षांत ते कुणी विचारलेलंच नाही."

दिग्दर्शक चिडला. नवं पात्र, नवी नटी, चार प्रसंग पुन्हा लिहायचे. त्याने मला फोन करून ऐकवलंही. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या शेवटच्या भागात भूत का निघून जातं हे मला सांगा." त्याच्याकडे मांत्रिकाचा एक जुनाच प्रसंग होता, तो त्यालाही आवडत नव्हता. दोन दिवसांनी त्याने मांत्रिक काढून टाकला. साडीवाली बाई गोष्टीत आली.

ध्वनिमुद्रण कुंभकोणमलाच झालं, लग्नाच्या व्हिडिओंचं काम करणाऱ्या एका स्टुडिओत. मालकाने भिंतींना गाद्या लावल्या होत्या. आवाज येतो म्हणून पंखा बंद, एसी बंद. आत्या पहाटे डोक्यावरून न्हाली, जरीची साडी नेसली. "आवाजच घेणार आहेत, आत्या," मी म्हणाले. "साडी दिसणार नाहीं."

"मज दिसेल," ती म्हणाली.

पहिल्यांदा पापनाशमच्या बसचा हॉर्न आला. दुसऱ्यांदा देवळाचं नादस्वरम, म्हणजे आमच्याकडची लांब सनई, सुरू झालं आणि ते थांबेपर्यंत आम्ही घाम पुसत बसलो. पुण्याहून लेखिका आणि दिग्दर्शक फोनवर ऐकत होते. मग सगळं शांत झालं. आत्या मायक्रोफोनजवळ सरकली, पूर्वी एक्स्चेंजमध्ये हेडफोन घालून बसायची तशी पाठ ताठ करून, आणि तिने ते वाक्य म्हटलं.

स्टुडिओच्या मालकाला मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्याने हेडफोन काढले आणि तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, काय म्हणालात?"

आत्याने त्याला तमिळमध्ये सांगितलं. तो उठला आणि त्याने स्टुडिओचं दार उघडून ठेवलं. पुन्हा बंद करायला त्याला दोनदा सांगावं लागलं.

पर्व आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं, सुट्टीच्या दिवशी, सकाळपासून. वडीलही आले. पेवाचा प्रसंग आला तेव्हा आत्या स्वतःच्या आवाजाकडे मान तिरकी करून ऐकत होती, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. वडील हात बांधून बसले होते. मग साडीवाली बाई आली. ती नटी मूळची कोल्हापूरची. मी तिला फोनवरून किती तरी तास शिकवलं होतं. ती पेवाच्या कडेला बसली, दोन्ही हातांनी कड घट्ट धरली आणि खाली वाकून म्हणाली, "कोण तूं? तुझं नांव काय? मी ऐकतें आहें, इकडे ये."

नवरा दारात येऊन उभा राहिला होता, पाठ पडद्याकडे करून, पण उभा होता.

वडिलांनी हात सोडले. "'इकडे' नव्हे," ते म्हणाले. "आपण 'हिकडे' म्हणतों."

"पुढल्या वेळेस नीट करूं," मी म्हणाले.

"कर," ते म्हणाले, आणि पुढचा भाग लावायला सांगितलं.

मालिका चालली. गटात लोकांनी भुतापेक्षा साडीवाल्या बाईवर जास्त लिहिलं. ही कुठली मराठी, असे लोक अजून आहेत का, असं विचारणारे पुष्कळ होते, आणि मी प्रत्येकाला उत्तर दिलं: आहोत, दुकान सकाळी उघडतं. पण मला सगळ्यांत आवडलेला निरोप बंगळूरच्या एका बाईचा होता. तीही आमच्यातलीच. तिने लिहिलं की तिची दोन्ही मुलं घरी आमची बोली बोलायला तयार नसत, शाळेतली इंग्रजीच बोलत. मालिका पाहिल्यापासून ती एकमेकांना कपाटाआडून घाबरवतात. त्यासाठी त्यांना बोली लागते, नाहीतर भीती वाटत नाही. आता नवी वाक्यं हवीत म्हणून ती आजीला फोन करतात. मी हे आत्याला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं, मग वडिलांना फोन लावून त्यांनाही वाचायला लावलं.

लेखिका मागच्या हिवाळ्यात कुंभकोणमला आली. आत्याने तिला आमची आंबट आमटी वाढली, तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या गणपतीला नेलं आणि वाटेत तिच्या नव्या गोष्टीतल्या तीन चुका काढल्या, त्यांतल्या दोन लेखिकेने मान्य केल्या. जायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. मी एका आजोबांचे डोळे तपासत होते. ते गेल्यावर ती म्हणाली, "पुढचं पर्व साडीवाल्या बाईचंच करायचं म्हणतायत. ती तपास करते, गावोगाव फिरते. तिचे संवाद तुम्ही लिहा. मदत नव्हे. तुम्हीच लिहायचे, नावासकट."

मी विचार करायला वेळ मागितला नाही. मला हे येतं हे मला ठाऊक होतं. "लिहीन," मी म्हणाले.

आता मंगळवारी दुपारी दुकान बंद असतं. आत्या खुर्ची ओढून शेजारी बसते, लिहिलेले संवाद मी मोठ्याने वाचते, वडील उच्चार सुधारतात. दिग्दर्शकाला माझे संवाद लांब वाटतात, मला त्याचे पाठलाग लांब वाटतात. आम्ही दोघंही थोडं थोडं कापतो आणि काम पुढे जातं.